गोलक आणि किल्ली

२१ नोव्हेंबर २०२४, नांदेड

मतदानाची शाई अजून नखावर आहे आणि घरात बॅगा उघड्या पडल्या आहेत. सोमवारी सचखंड एक्स्प्रेस. ह्यांना सुवर्णमंदिर पाहायचं आहे, मला स्वयंपाकघरापासून सुटका हवी आहे, दोघांचंही जमलं.

संध्याकाळी मागच्या दारानं शेजारच्या बीबीजी आल्या. ओढणीच्या टोकाची गाठ सोडून नोटांची घडी माझ्या हातात दिली. "दरबारसाहिबात गोलकीत टाक." दरबारसाहिब म्हणजे सुवर्णमंदिर, गोलक म्हणजे दानपेटी. मी सवयीनं नोटा मोजल्या. सहकार खात्यात लेखापरीक्षणात आयुष्य गेलं. दुसऱ्याचा पैसा न मोजता घ्यायला हात तयार होत नाही. विचारलं, "पावती कुणाच्या नावानं करू?"

"पावती कशाला गं? दसवंध आहे तो. माझा असता तर मागितली असती पावती."

दसवंध म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, शिखानं बाजूला काढून ठेवायचा. बीबीजींच्या मते तो मुळात आपला नसतोच, तात्पुरता आपल्या खिशात असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर अनामत रक्कम. मी म्हटलं, तख्त सचखंड हजूर साहिब आपल्या घरापासून चालत आहे, मग अमृतसर कशाला? त्या म्हणाल्या, "इथं माझे हात आहेत की. रोज भांडी घासते. तिथं हात पोचत नाहीत म्हणून पैसे."

मग आवाज खाली आणून इथल्या गुरुद्वारा मंडळाचा विषय काढलाच. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ सालापासून वेगळा कायदा आहे. त्यातल्या दुरुस्तीला या फेब्रुवारीत मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. सतरा जणांच्या मंडळात सरकारनं नेमलेले बारा, असा तो हिशेब होता. शहरात मोर्चे निघाले, पंजाबातूनही विरोध झाला आणि सरकारला थांबावं लागलं. मी जन्मभर सरकारी चाकरी केली, सरकारी तपासणी हवी असं माझं आजही मत आहे. पण पेटी तपासणारा आणि पेटी उघडणारा एकच असला, तर मग तपासणी कशाची? ही बाब गावच्या पतसंस्थेतसुद्धा कळते.

२५ नोव्हेंबर, गाडीत

या गाडीच्या लंगरची, म्हणजे शिखांच्या मोफत सामुदायिक जेवणाची, ख्याती ऐकून होते, आज पाहिली. छत्रपती संभाजीनगरला गाडी थांबायच्या आत लोकांनी पिशव्यांतून ताटल्या, डबे, एकानं तर स्टीलचं पातेलं बाहेर काढलं. फलाटावर बादल्या घेऊन माणसं उभी. कढी, भात, बटाट्याची भाजी. वाढणाऱ्यांत पगडीवाले होते, तसे बिनपगडीचेही. आमच्याकडे ताटली नव्हती. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी न विचारता डब्याचं झाकण पुढे केलं.

ह्यांचा हात मागे. "आपल्याकडे पोळ्या आहेत. पेन्शन आहे. उपाशी माणसाचा घास आपण का खायचा?" प्रश्न बरोबर वाटतो, पण लंगरला तो लागू पडत नाही. आपल्याकडच्या अन्नदानात वाढणारा उभा असतो आणि जेवणारा त्याच्या पुण्याला कारण होतो. लंगरात पंगत हाच मुद्दा आहे. पेन्शनवाला उठून गेला, तर उरते ती भिकाऱ्यांची रांग. तिसरे गुरू अमरदास यांच्याकडे गोइंदवालला आधी पंगतीत बसायचं, मग भेट, असा दंडक होता. अकबर बादशहाही तसाच बसून जेवला, अशी परंपरा आहे. जेवून खूश झालेल्या बादशहानं लंगरच्या खर्चाला जहागीर देऊ केली आणि गुरूंनी ती नाकारली. लंगर चालायचा तो लोकांच्या घामातून आणि त्या दिवशी जे येईल त्यातून. बादशाही सनद आली की उद्याची काळजी मिटते, आणि लोकांची गरजही संपते.

दान नाकारण्याच्या या गोष्टीचा आमच्या काळातला अवतार मात्र गमतीचा आहे. २०१७ साली जीएसटी आला आणि लंगरच्या तुपा-साखरेवरही कर बसला. ओरड झाली. २०१८ साली केंद्रानं 'सेवा भोज' योजना काढून आपल्या वाट्याचा कर परत द्यायचं ठरवलं. त्यावर काही शिखांचा आक्षेप असा, की ही करमाफी नाही, हे सरकारी साहाय्य झालं, आणि लंगर साहाय्यावर चालत नाही. बाहेरच्याला हा शब्दच्छल वाटेल. मला नाही वाटला. परतावा आणि अनुदान ही ताळेबंदात दोन वेगळी खाती असतात. एकात आपलेच पैसे आपल्याला मिळतात, दुसऱ्यात आपण कुणाचे तरी लाभार्थी होतो.

ह्यांनी शेवटी कढी-भात खाल्ला. दोनदा घेतला.

२७ नोव्हेंबर, जालंधर

अमृतसरच्या आधी इथं उतरलो ते माझ्या हट्टानं. तल्हण गाव पाहायचं होतं.

जालंधरजवळच्या या गावात शहीद बाबा निहालसिंग यांचं स्थान आहे. विहिरीच्या कामात जीव गेलेला हा कारागीर. लोक नवस बोलू लागले आणि पंजाबच्या या दुआब्यात आजचा मोठा नवस म्हणजे परदेशचा व्हिसा. त्यामुळे इथं वाहायची वस्तू म्हणजे खेळण्यातलं विमान. दुकानात प्लास्टिकची जंबो जेट टांगलेली असतात, शेपटीवर कंपन्यांची नावं. वाहिलेली विमानं मुलांना वाटून टाकतात म्हणे. हे शीख शिकवणुकीला धरून नाही, विमानं वाहू नका, असं गेल्या वर्षी धर्मपीठाकडून बजावून झालं आहे. दुकानदाराला विचारलं, आता खप कसा आहे? तो हसला, उत्तर दिलं नाही.

हसू येतं, पण घेणाऱ्याचा धर्म इथंच कसाला लागतो. देणारा सौदा करतो आहे, हे घेणाऱ्याला दिसत असतं. 'व्हिसा दे, विमान घे.' नानकांच्या गोष्टीतला सच्चा सौदा याच्या बरोबर उलटा होता. बापानं व्यापारासाठी दिलेले वीस रुपये पोरानं उपाशी साधूंना जेवू घालण्यात घालवले आणि हाच खरा सौदा म्हणून सांगितलं. बापानं काय केलं ते जनमसाख्यांत, म्हणजे नानकांच्या जुन्या चरित्रकथांत, वाचावं.

पण मी विमानांसाठी आले नव्हते. २००३ साली हे गाव पेटलं होतं. स्थानाचं उत्पन्न कोटींमध्ये गेलेलं. गावात निम्म्याहून जास्त वस्ती दलितांची, तेही तिथं माथा टेकणारे, पैसे टाकणारे, लंगरात राबणारे. समितीत मात्र त्यांचा एकही माणूस नव्हता. त्यांनी जागा मागितली. उत्तरादाखल सामाजिक बहिष्कार आला. मग दंगल, संचारबंदी, गोळीबार. अखेर तडजोडीत समितीवर दोन दलित प्रतिनिधी घेतले गेले.

आपल्याकडचे लढे आठवले. महाडचं तळं, नाशिकचा काळाराम. पाणी आणि प्रवेश. इथं प्रवेश होता. ताट होतं, पंगत होती, तीही एका रांगेत. नव्हती ती हिशेबाच्या वहीवर सही. समतेची परीक्षा लंगरात होते असं आजवर मी धरून चालले होते. तल्हणला वाटलं, लंगरात सगळेच पास होतात. खरा पेपर समितीच्या खोलीत असतो.

ह्यांनी एक छोटं विमान नातवासाठी घेतलं. वाहिलेलं नाही, विकतचं. तरी मी कुरकुरलेच.

२८ नोव्हेंबर, अमृतसरला जाताना

बियास गेलं. इथून जवळच बाबा बकाला. आठव्या गुरूंनी जाताना वारस बकाल्यात आहे एवढंच सूचित केलं आणि तिथं बावीस जण गादी मांडून बसले. मक्खनशहा लबाना या व्यापाऱ्यानं जहाज वाचावं म्हणून गुरूला पाचशे मोहरा बोललेल्या. खरा गुरू कोण हे कळेना, तेव्हा त्यानं प्रत्येकापुढे दोन-दोन मोहरा ठेवल्या. प्रत्येकानं आशीर्वाद देऊन त्या घेतल्या. तेगबहादूर मात्र म्हणाले, नवस पाचशेंचा होता ना?

कथा गुरूंचं अंतर्ज्ञान दाखवायला सांगतात. माझं लक्ष बावीस जणांवर जातं. मिळालेलं पुरेसं आहे का, कशापोटी मिळालं, हे त्यांतल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. न विचारता घेणं, ही खोट्या गुरूची खूण.

२९ नोव्हेंबर, अमृतसर

पहाटे गेलो. पाण्यावरचं सोनं, कीर्तन, थंड संगमरवर. यावर लिहायला ह्यांची वही आहे.

मी कडाहप्रसादाच्या खिडकीशी रेंगाळले. तुम्ही जमेल तेवढ्याची चिठ्ठी घेता, पानाच्या द्रोणात शिरा मिळतो. तो घेऊन आत निघालात, की दारापाशी सेवादार त्यातला अर्धा काढून मोठ्या पातेल्यात टाकतो. परतताना त्याच पातेल्यातून सर्वांच्या ओंजळीत मूठभर पडतो. पैसे देणाऱ्याच्या आणि न देणाऱ्याच्याही. कुणाच्या पैशाचा शिरा कुणाच्या तोंडात गेला, याचा माग लेखापरीक्षकाच्या बापालाही लागायचा नाही. आणि तीच त्यामागची योजना आहे.

याच शिऱ्यावरून १९२० साली इतिहास घडला. जालियनवाला बागेत खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या शिखांचा मेळावा झाला. त्यांतले नव्यानं अमृत घेतलेले लोक १२ ऑक्टोबरला प्रसाद घेऊन सुवर्णमंदिरात आले. पुजाऱ्यांनी तो स्वीकारायला आणि त्यांच्यासाठी अरदास, म्हणजे प्रार्थना, करायला नकार दिला. वाद वाढला. शेवटी ग्रंथसाहिब उघडून कौल घ्यायचं ठरलं आणि जे वचन निघालं ते या लोकांच्या बाजूचं होतं. पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला. त्याच दिवशी अकाल तख्त या धर्मपीठावरचे पुजारी जागा सोडून गेले आणि संगतीनं ते ताब्यात घेतलं. सुमारे महिन्याभरानं, १५ नोव्हेंबरला, शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती उभी राहिली. तिचं २०२४-२५ चं अंदाजपत्रक साडेबाराशे कोटींच्या वर आहे.

म्हणजे एवढ्या मोठ्या संस्थेच्या जन्माशी एक नाकारलेलं दान आहे. बादशहाची जहागीर नाकारणं आणि चांभाराचा शिरा नाकारणं, दोन्हीला नकारच म्हणतात; पहिल्यात घेणारा सत्तेपासून मोकळा राहिला, दुसऱ्यात घेणारा स्वतःच सत्ता होऊन बसला होता.

३० नोव्हेंबर, अमृतसर

बीबीजींची घडी आज गोलकीत टाकली. फटीतून नोटा आत सरकल्या आणि क्षणभर जीव कासावीस झाला. पावतीपुस्तक नाही, साक्षीदार नाही. शेजारच्या माणसानं पाचशेची नोट टाकली. तो कोण, नोट कुठली, कोण विचारणार?

आणि इथंच माझी अडचण आहे. नानकांनी सैदपूरला मलिक भागोच्या मेजवानीला जायचं नाकारलं आणि लालो सुताराची भाकरी खाल्ली. एकीतून दूध निघालं, दुसरीतून रक्त. ही गोष्ट शीख मुलाला आईच्या मांडीवर कळते. त्या गोष्टीप्रमाणे अन्न कुठून आलं हे पाहूनच घ्यायला हवं. आणि गोलकीला तर डोळेच नाहीत. भागो रोज येत असणार, वाकून नोट टाकत असणार.

दुपारभर परिक्रमेत बसून याचा विचार केला. उत्तर भिंतीवर दिसलं. तिथं संगमरवरी पाट्या आहेत, देणगीदारांच्या, पलटणींच्या, कुटुंबांच्या. अमुक यांच्या स्मरणार्थ तमुक रक्कम सेवा. भागोची मेजवानी दूषित होती ती त्याच्या पैशामुळे, हे खरंच. पण त्याला नानक हवे होते ते पंगतीत आपल्या नावाला. निनावी पैशात भागोला काही मिळत नाही. पाटी लावली की मिळतं. तेव्हा माझं मत असं: पेटीनं कुणाचाही पैसा घ्यावा, पाटी कुणाचीही लावू नये. पाटी हवी असणाऱ्याला मात्र भागोचा प्रश्न जरूर विचारावा, की पैसा आणला कुठून?

ह्यांना पटलं नाही. म्हणाले, पाट्या बंद केल्या तर निम्मे पैसे येणार नाहीत. मी म्हटलं, न येईनात.

दर्शनी देवडीच्या वरच्या मजल्यावर तोशाखाना आहे, म्हणजे खजिना. तिथल्या एका रत्नजडित छताची गोष्ट आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. हैदराबादच्या निजामानं ते रणजितसिंहांना नजर केलं. पाहून महाराजांना ते आपल्यासाठी फार भारी वाटलं आणि त्यांनी ते इथं पाठवून दिलं, असं सांगतात. नांदेड तेव्हा निजामाचं, आणि तिथलं तख्त १८३२ ते १८३७ या काळात बांधून दिलं याच रणजितसिंहांनी. निजामाचं छत इकडे आलं, लाहोरचा पैसा तिकडे गेला.

याच तोशाखान्याच्या किल्ल्या नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्रज डेप्युटी कमिशनरनं ताब्यात घेतल्या. समितीनं मोर्चा लावला, अनेक लोक तुरुंगात गेले. १९ जानेवारी १९२२ रोजी सरकारनं त्या बाबा खडकसिंग यांच्या हातात परत दिल्या. गांधीजींनी तार करून स्वातंत्र्याची पहिली लढाई जिंकल्याबद्दल अभिनंदन केलं. आत किती सोनं आहे यावरून ते भांडण नव्हतं. सोनं तिथंच होतं, हललंही नव्हतं.

किल्ली कुणाच्या हाती, हे भांडण शिखांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतं. गावोगावची भेट गोळा करायला गुरूंनी मसंद नेमले, ते पुढे सावकार झाले. १६६४ साली तेगबहादूर अमृतसरला आले तर या देवळाची दारं त्यांनाच बंद केली गेली. शेवटी गुरू गोविंदसिंगांनी मसंदशाहीच मोडली आणि भेट थेट आणायला सांगितली. मग महंत आले, गुरुद्वाऱ्यांची जमीन स्वतःच्या नावावर समजू लागले. २० फेब्रुवारी १९२१ ला ननकाना साहिबच्या महंतानं भाडोत्री माणसं घालून निःशस्त्र अकालींची कत्तल केली. त्यानंतर १९२५ चा कायदा झाला, निवडणुका आल्या, गैरव्यवहाराच्या तक्रारींसाठी न्यायिक आयोगही आला. शीख कवी भाई गुरदासांनी मात्र हे सतराव्या शतकातच ओळखलं होतं. हिंदूला गाय, मुसलमानाला डुक्कर जितकं वर्ज्य, तितका शिखाला धर्मशाळेच्या पैशाचा लोभ वर्ज्य, अशा अर्थाचं त्यांच्या पस्तिसाव्या वारेत येतं. एवढ्या कडक भाषेत कुठल्याही विश्वस्ताला ताकीद दिलेली मी तरी पाहिली नाही.

१ डिसेंबर, तरनतारन

पाचव्या गुरूंनी वसवलेलं गाव. इथं त्यांनी महारोग्यांसाठी आसरा बांधला, अशी परंपरा आहे. दसवंधाचा असाही खर्च होत असे.

आज पाहिली ती इथली दर्शनी देवडी. मार्च २०१९ मध्ये कारसेवेच्या, म्हणजे श्रमदानानं बांधकाम करणाऱ्या, एका गटानं रातोरात तिचा वरचा भाग फोडला. नवी बांधायची होती. शीख राज्याच्या काळातली वास्तू, वरची चुनेगच्ची कोरीव. लोक खवळले तेव्हा काम थांबलं आणि त्या गटाकडून सेवा काढून घेतली. पण पंजाबभर गेल्या काही दशकांत अशीच किती भित्तिचित्रं संगमरवराखाली गेली, त्याचं दुःख जाणकार करतात. कारण सोपं आहे. दुरुस्तीला देणगी मिळत नाही, नव्याला मिळते. शाळेच्या मास्तरांच्या पगाराला मिळत नाही, घुमटाच्या सोन्याला मिळते. रुमाले, म्हणजे ग्रंथसाहिबावर घालायची वस्त्रं, तर इतके येतात की ठेवायचे कुठे हा प्रश्न. गरिबाचं तोंड हीच गुरूची गोलक, ही पंजाबी म्हण इथं सगळ्यांना पाठ आहे. देताना मात्र हात घुमटाकडे वळतो.

ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची पदं आहेत. त्यांतल्या एकात गोदावरीचं स्नान, हजार गायींचं दान, सोन्याचं दान सगळं मोजून नामापेक्षा उणं ठरवलं आहे. नांदेडची गोदावरी इथल्या ग्रंथात भेटली, याचं ह्यांना फार अप्रूप.

३ डिसेंबर, अमृतसर

काल अकाल तख्तासमोर प्रचंड गर्दी होती. आम्ही परिक्रमेच्या टोकाला, नीट ऐकूही येत नव्हतं. आज वर्तमानपत्रात सगळं वाचलं.

अकाली नेत्यांना तनखाह, म्हणजे धार्मिक शिक्षा, सुनावली गेली. स्वच्छतागृहं धुणं, लंगरची भांडी घासणं, गळ्यात पाटी. माजी उपमुख्यमंत्री सुखबीरसिंग बादल यांचा पाय दुखावलेला, म्हणून ते आज सकाळी दारात चाकाच्या खुर्चीवर बसले होते, हातात भाला, अंगावर सेवादाराचा निळा वेश. लोक फोटो काढत होते. ह्यांनीही काढला.

वर्तमानपत्रांनी पाटी आणि भाला मोठा छापला. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं कलम आतल्या मजकुरात आहे. २०१५ साली डेरा सच्चा सौदा या पंथाच्या प्रमुखाला तख्ताकडून माफी दिली गेली, ती पुढे मागे घ्यावी लागली. त्या माफीचं समर्थन करणाऱ्या जाहिराती शिरोमणी समितीच्या पैशातून वर्तमानपत्रांत छापल्या होत्या. म्हणजे बीबीजींसारख्यांच्या दसवंधातून. तो खर्च आता संबंधित नेत्यांकडून व्याजासह वसूल करावा, असा कालचा हुकूम आहे.

माझ्या नोकरीत अपहाराचे अहवाल लिहून लिहून बोटं झिजली. मुद्दलसुद्धा क्वचित परत आलं. भांडी घासण्याची शिक्षा चार दिवसांत संपेल आणि फोटोही विसरले जातील. शिरोमणी समितीला या लेखापरीक्षक बाईची एवढीच विनंती: ही रक्कम किती, कुणी भरली, कोणत्या तारखेला भरली आणि व्याज कोणत्या दरानं लावलं, हे पुढच्या अंदाजपत्रकात छापा. देणाऱ्यांची नावं नसली तरी चालेल. परत भरणाऱ्यांची हवीत.